बातमीत न आलेला ग्लास

त्या दिवशी माझ्या भावाने पेडण्याच्या वाटेवरच्या एका हॉटेलात आत बसून चहा मागितला. संध्याकाळी तो मेला.

आम्ही महार. आमचे ग्लास हॉटेलाच्या मागच्या कुडाला खोचलेले असत. आपला आपण काढायचा, वरून चहा ओतून घ्यायचा, उभ्याने प्यायचा, विसळून परत खोचायचा. दादा त्या दिवशी बाकावर बसला. मालक हसत म्हणाला, "वाट चुकलो मरे तूं? तुजो गलास भायर आसा."

"आज हांगाच पितलों," बाकावरून न उठता दादा म्हणाला.

उकळता चहा त्याच्या तोंडावर आला. मग फळी. मग सोड्याच्या बाटल्या. मी समोर थांब्यावर होते, डिचोलीला शाळेत शिकवायला निघालेली. बस येत नव्हती. धावले, तर कोणीतरी केस धरून मला रस्त्यावर आपटलं. तिथून मी सगळं पाहिलं. दादाने हात उचलला नाही. टेबलाची कड धरून बसला होता. बोटं ठेचली तेव्हाच ती सुटली.

हे धरून बसणं त्याने एका फिल्ममध्ये पाहिलं होतं. माहिती खात्याची गाडी गावात आली होती. देवळासमोर पडदा बांधला. गाव पुढे बसला, आम्ही पडद्यामागे. आमच्या बाजूने पाट्या उलट्या, माणसं डावखुरी. अमेरिकेतली काळी पोरं गोऱ्यांच्या हॉटेलात बसली होती. त्यांच्या डोक्यावर साखर ओतली, मानेवर सिगारेट विझवली. पोरं उठली नाहीत. मग पोलिसांचे कुत्रे. पाण्याचे फवारे. पुढे बसलेल्या बायका हळहळत होत्या. त्यांच्यात आणि आमच्यात एक कापड होतं.

परतताना दादा म्हणाला, ते लोक पिढ्यान् पिढ्या मार खात होते. तो मार पेपरात छापून आला, घराघरांत दिसला, तेव्हा सरकारला उत्तर द्यावं लागलं. आपला मार कोणी पाहिलेलाच नाही. म्हणून त्याने पणजीचा एक वार्ताहर गाठला. फोटोग्राफर घेऊन येतो, असं तो कबूल झाला. तेव्हा गोव्याची राजभाषा मराठी की कोकणी, यावरून आंदोलनं पेटली होती; नेमकी त्या सकाळी आंदोलकांनी रस्त्यावर झाडं आडवी टाकली. वार्ताहर पलीकडे अडकला. दादा थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी मराठीवाल्यांच्या पेपरात होतं, मराठीप्रेमी तरुणाची हत्या. कोकणीवाल्यांच्या पेपरात होतं, कोकणीचा हुतात्मा. हॉटेल दोन्हींत होतं. ग्लास एकातही नव्हता.

मराठीचे पुढारी आधी आले. हार आणला, फोटोग्राफर आणला. आईने डोळे पुसत चहा केला. "आताच घेऊन आलो, बाय," पुढारी म्हणाले. बाकीच्यांनीही आताच घेतला होता. मी दादाच्या फोटोसमोर उभी राहिले.

"आधी चहा घ्या. मग हार घाला."

"तू शिकलेली ना? भाषेसाठी गेलाय तो. त्याला लहान करू नको."

"तो चहासाठी मेला. हा घ्या तो चहा."

मी कपबशी त्यांच्या हारावर उपडी केली. फोटोग्राफरने कॅमेरा उचलला. पुढाऱ्याने भिंगावर पंजा ठेवला.

दुपारी कोकणीवाले आले. त्यांनीही चहा घेतला नाही.

खटल्यात बाकीचे साक्षीदार फुटले. माझी एकटीची साक्ष पुरली नाही. भाषेचा कायदा झाला, गोवा राज्य झालं, गुलाल उधळला. मी सगळं लिहून काढलं. मालकाचं नाव, फळी धरणाऱ्यांची नावं, चहा न घेणाऱ्यांची नावं. एकाही पेपराने छापलं नाही. पत्रकं छापून मी स्वतः बाजारात वाटली. माझे पुढचे दात पाडले. मी पुन्हा छापली. शाळेने काढून टाकलं. मी पुन्हा छापली.

आई आता नाही. बाजाराच्या दिवशी मी उभी राहते आणि ती नावं मोठ्याने वाचते. मारणाऱ्यांतले काही अजून जिवंत आहेत. मीही आहे.