खंडेनवमीला बंद केलेला सर्व्हर

नांदेडच्या त्या छोट्या कॅन्सर रुग्णालयात सर्व्हर वर्षातून एकदाच बंद व्हायचा, खंडेनवमीला. हळद-कुंकू, झेंडूचा हार, पुढे नारळ. त्या वर्षी पूजेनंतर यंत्र सुरू झालं, पण रुग्णांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर उघडेना. ते बसवणारे गृहस्थ वारले होते. लातूरला मी हीच कामं करते, म्हणून मला बोलावलं.

बाहेर बाकावर धर्माबादकडची एक शेतकरीण बसली होती. तिचा आजार उलटला होता. मागच्या वेळी दिलेलं एक औषध जन्मात ठरावीक मात्रेपलीकडे देता येत नाही, हृदयाला धोका असतो. तिला आधी किती दिलं, हे त्या नोंदींतच होतं. तिच्याकडचे कागद पुरात गेले होते.

बॅकअप आहे, असं तिथल्या कारकून बाईंनी ठासून सांगितलं. सॉफ्टवेअरच्या नावाचं फोल्डर त्या रोज पेनड्राइव्हवर घेत. वर म्हणाल्या, "मागच्या वर्षी पूजा केली, तवा तर रुसला नव्हता."

फोल्डरमध्ये नुसता प्रोग्रॅम होता. सेटिंगची फाईल, लॉग आणि खरा डेटा बहुधा वेगवेगळ्या जागी असतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सेटिंगच्या फाईलमध्ये डेटाचा पत्ता मिळाला: दुसरी डिस्क. मग लॉग उघडला, यंत्र स्वतःच लिहितं ती रोजनिशी. ती डिस्क नीट वाचता येत नाही, अशी तक्रार त्यात उन्हाळ्यापासून रोज उमटत होती. लॉग कुणी पाहिला नव्हता. चालत्या यंत्राला हात लावायचा नाही, अशी तिथली रीत. बंद केल्यावर डिस्कने मानच टाकली.

दुपारपर्यंत खटपट करून निघालं तेवढं काढलं. बाकावरच्या शेतकरणीचे सुरुवातीचे डोस सापडले, शेवटचे नाहीत. डॉक्टरांना मी तिच्यासमोरच तसं सांगितलं. ते म्हणाले, सगळे दिले, मर्यादा गाठली असंच धरावं लागेल. ते औषध आता नको, दुसरं देऊ.

"ते बी तेवढंच चांगलं हाय का?" तिने विचारलं.

"थोडं कमी."

ती माझ्याकडे वळली. "ताई, मशिनीतून अजून काही निघंल का?"

"नाही."

तिने पदर सावरला. "तर मग ते दुसरंच लावा, डॉक्टरसाहेब. आजच लावा."