मनगटाची जीभ

पुण्यात आयटी कंपन्या येऊ लागल्या त्या काळात, एका हिवाळ्यात, माझी अर्धी जीभ कॅन्सरमुळे काढली गेली. तिच्या जागी डाव्या मनगटाची कातडी रक्तवाहिन्यांसकट बसवली. डॉक्टर तिला फ्लॅप म्हणतात. मी तेव्हा इन्फंट्रीत हवालदार होतो. पलटण पुण्यातच होती.

त्या कातडीवर 'बापू' असं गोंदलेलं होतं. नायक बापू पवार माझा जोडीदार. एका जत्रेत आम्ही एकमेकांची नावं गोंदवून घेतली होती. पुढे सीमेवरच्या चौकीत तो तोफगोळ्याने गेला. पलटणीतल्या आमच्या कंपनीची रीत होती: स्मृतिदिनाला गेलेल्यांची नावं पुकारायची आणि ज्याच्या त्याच्या जोडीदाराने 'हाजिर' म्हणायचं. बापूसाठी मी म्हणत असे.

"उजव्या हाताची कातडी घ्या, मॅडम," ऑपरेशनआधी मी सर्जन मेजर मॅडमना म्हणालो.

"लिहिता कोणत्या हाताने?"

"उजव्या."

"मग डावाच. नाव कुठे जात नाही, तोंडात राहील."

"हाजिर म्हणता येईल?"

"फ्लॅप जगला तर."

ऑपरेशननंतर औषधांच्या गुंगीत वॉर्ड पाण्याखाली असल्यासारखा हलायचा. खिडकीबाहेर एका नव्या इमारतीची काच उन्हात बर्फाच्या कड्यासारखी चमकायची. बापू कॉटच्या कडेला तंबाखू मळत बसायचा, चुना मागायचा. माझ्या गळ्यात नळी होती. उत्तर देता येत नव्हतं.

नर्सिंग असिस्टंट शिंदे टॉर्च घेऊन फ्लॅपचा रंग बघायला येई.

"हवालदार साहेब, मनगटाचे केस आत गेलेत. जिभेला दाढी येणार. न्हावी बघून ठेवा."

एका दुपारी त्याचा टॉर्च हलेना.

"मॅडम, निळं दिसतंय. गोंदण असेल का?"

"गोंदण पसरत नाही." मेजर मॅडमनी सुई टोचली. रक्त काळपट आलं. "शीर तुंबलीय. ऑपरेशन थिएटर तयार करा. आत्ता."

स्ट्रेचरबरोबर बापू चालत होता. लिफ्टपाशी तो थांबला.

शिरेतली गुठळी काढली. त्यानंतर सुई टोचली तेव्हा रक्त लाल आलं. बापू पुन्हा कॉटवर दिसला नाही.

नळी निघाल्यावर बोलण्याचा सराव सुरू झाला. ओठांचे शब्द आधी आले. पहिला 'बापू'. 'ज' सगळ्यात उशिरा, तोही बोथट.

स्मृतिदिनाला कंपनी रांगेत फॉल-इन झाली. सुभेदार साहेबांनी पुकारलं, "नायक बापू पवार!"

मी "हाजिर" म्हणालो. 'ज' नीट उमटला नाही.

सुभेदार साहेबांनी पुढचं नाव पुकारलं.