पहिली शर्यत कोणती?

"पयली चुकली, त सारंच चुकलं," असं त्या म्हणायच्या आणि खडूचा हात पदराला पुसायच्या. नवख्याला वाटे, बाई गणिताची पायरी सांगताहेत. गणितच शिकवायच्या त्या, कामठ्याच्या शाळेत, माझ्या शेजारच्या वर्गात. पण हे वाक्य असायचं मोटारींच्या शर्यतीबद्दल.

तुम्ही म्हणाल, गोंदियातली चाळिशी ओलांडलेली शिक्षिका आणि मोटारींची शर्यत? आम्हालाही आधी तसंच वाटलं होतं. नागपूरला हॉस्टेलमध्ये असताना त्यांनी टीव्हीवर एक शर्यत पाहिली, आणि त्यानंतरचे रविवार त्यांनी दुसऱ्या कशालाच दिले नाहीत. लग्न केलं नाही. घरी आई होती. रविवारी आई विहारात जायची आणि लेक टीव्हीसमोर बसायची.

प्रत्यक्षात मात्र एकही शर्यत पाहिली नव्हती. एकदा तरी जायचं, हे पक्कं होतं. पहिली कोणती पाहायची, ते ठरत नव्हतं. मधल्या सुट्टीत डबे उघडले की हाच विषय. इटलीला वेग जास्त, पण गर्दीही तशीच. बेल्जियमची जंगलात. "जंगल त आपल्या चिचगडलेबी आहे. त्याच्यासाठी एवढ्या दूर कायले?" सिंगापूरची भर शहरात, रात्री, दिव्यांच्या उजेडात. बरं, गाव ठरलं तरी बसायचं कुठे? सरळ रस्त्याच्या कडेला बसलं तर गाडी सुर्रकन निघून जाते. वळणावर बसलं तर ती ब्रेक मारते, कलते, सगळ्या अंगांनी दिसते. म्हणजे वळणच.

आमच्या शिपायालाही त्यांनी सल्ला विचारला होता. तो गंभीरपणे म्हणाला, "मॅडम, सावली कोन्या बाजूले राहते, ते पयले पाहून घ्या."

"बरोबर आहे तुमचं," त्या तितक्याच गंभीरपणे म्हणाल्या. "हे माह्या ध्यानातच नाही आलं."

शेवटी सिंगापूर ठरलं. मीही जाणार होते. दोघींनी पासपोर्ट काढले.

शाळेत आम्ही त्यांच्या स्कूटरवर जायचो. चालवायच्या त्याच. मी कधी "आज मी घेऊ का?" म्हटलं की उत्तर ठरलेलं: "तू बस वं चूपचाप." त्या हिवाळ्यात गॅदरिंग आटोपून आम्ही परत निघालो तेव्हा दिवेलागण झाली होती. नागऱ्याजवळ एका वळणावर त्या वळल्याच नाहीत. स्कूटर सरळ धानाच्या कापलेल्या बांधीत उतरली आणि आडवी झाली. लागलं कुणालाच नाही. त्यांनी साडीची माती झटकली आणि म्हणाल्या, "काऊन वं, इथं वळण कोनं आणून ठेवलं?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. स्कूटर उभी करता करता म्हणाल्या, "मले दिसलंच नाही."

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याचा पडदा झिजतो आहे. आधी अंधारातलं दिसेनासं होतं, मग बाजूचं, मग समोरचं. औषध नाही. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना एवढंच म्हणाल्या, "सिंगापूर गेलं. थे रातची आहे ना."

आता जी पहिली, तीच शेवटची होती. त्यामुळे ठरवणं आणखीच जड झालं. दिवसा होणारी हवी. सोमवारी इटली असायची, शुक्रवारपर्यंत जपान. मी म्हणायचे, "मॅडम, कोणतीही घ्या, पण चला." त्या "पयली चुकली, त..." म्हणत डबा बंद करायच्या. मग आईने अंथरूण धरलं. मग निवडणुकीची ड्युटी आली, बोर्डाच्या परीक्षा आल्या. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. आई गेली, तोवर स्वतःच लिहिलेल्या फळ्याची दुसरी कड पाहायला त्यांना मान वळवावी लागत होती.

एका दुपारी त्या म्हणाल्या, "चेन्नईची पाहून घेऊ." आपल्या देशातल्या लहान गाड्यांची ही शर्यत. पूर्वी तिला त्या पोरांचा खेळ म्हणायच्या. मी त्याच संध्याकाळी रेल्वेची तिकिटं काढली.

जागा वळणावरच घेतली. पहिल्या गाड्यांचा आवाज आला तशी माणसं उठून उभी राहिली. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"आली?"

"आली... गेली."

पुन्हा आवाज. त्यांची मान डावीकडून उजवीकडे फिरली. "आता?"

"गेली, मॅडम."

नळीतून पाहावं तेवढंच त्यांना दिसायचं. त्या नळीत गाडी सापडायच्या आत ती वळून पार झालेली असायची. पुष्कळ फेऱ्या झाल्यावर त्या म्हणाल्या, "मले निस्ता रस्ता दिसून राहिला."

तेव्हा मला सुचलं, गाडी थेट समोरून आली तर दिसेल. सरळ रस्त्याच्या टोकाला बसायला हवं होतं. इतकी वर्षं निवडून ठेवलेलं वळणच आमचं चुकलं होतं. मी त्यांचा हात धरून निघाले. लोकांच्या पायांतून, पिशव्यांतून वाट काढत, पाऊल चाचपत त्या येत होत्या. आम्ही मागच्या बाजूने चालत असतानाच टाळ्या-शिट्ट्यांचा कल्लोळ झाला. शर्यत संपली होती.

टोकाला पोहोचलो तेव्हा गाड्या सावकाश परतत होत्या. एक लाल गाडी थेट आमच्याकडे तोंड करून आली. त्या पापणी न लवता पाहत राहिल्या.

"दिसली?" मी विचारलं.

"दिसली. आपल्या ऑटोवानी चालून राहिली."

त्या हसल्या. मग तोंडात पदर कोंबून तिथेच पायरीवर बसल्या. मी बाजूला बसले. सफाईवाले आले तरी आम्ही उठलो नव्हतो.

पुढे त्यांनी नोकरी सोडली आणि चिचगडला भावाकडे राहायला गेल्या. या दिवाळीत मी भेटायला गेले होते. अंगणात खुर्ची टाकून त्यांनी मला बसवलं. मी यंदाच्या शर्यतींचं काढलं, कोण जिंकलं वगैरे. "राहू दे वं," त्या म्हणाल्या. "आता कायले?" आणि भिंतीला हात लावत चहा करायला आत गेल्या.

ऊन तोंडावर आलं म्हणून मी खुर्ची उचलून जांभळीखाली नेली. त्या कप घेऊन बाहेर आल्या आणि खुर्ची आधी जिथे होती, बरोबर तिथेच येऊन थांबल्या. रिकाम्या जागेसमोर त्यांनी कप पुढे केला. "घे. थंडा होऊन राहिला."

मी चपला काढल्या, आवाज न करता तिथे जाऊन उभी राहिले आणि त्यांच्या हातातून कप घेतला.