दोरा सुईच्या वर

"टाका तोच, दोरा तोच, डिझाइन तेच. मग बायर नाही का म्हणतोय?" राघवन सरांनी माझ्या टेबलावर दोन कुर्ते आपटले.

अड्यारच्या एक्स्पोर्ट ऑफिसात मी मर्चंडायझर होते. म्हणजे परदेशी गिऱ्हाईक आणि माल बनवणारे यांच्यामधली निरोपी. चूक कुणाचीही असो, ओरडा मला. एका कुर्त्यावर बायरने पसंत केलेल्या सँपलची वेल होती, दुसऱ्यावर एन्नोरच्या आमच्या भरतकाम सेंटरमधल्या बायकांनी भरलेली. शेजारी ठेवल्या की चमक वेगळी दिसायची. का, ते कुणालाच सांगता येईना. शुक्रवारी नवा पीस गेला नाही तर ऑर्डर रद्द. नव्या सेंटरची ती पहिलीच ऑर्डर. ती गेली तर सेंटरला टाळं.

"तुला सुई धरता येते?" सरांनी विचारलं.

"नाही."

"मग शिक. त्याशिवाय कळायचं नाही."

माझ्यासारख्या चुळबुळ्या मुलीला ही शिक्षाच होती. शिकवायला रुक्मिणीबाई; सेंटरमधल्या बायकांनाही त्याच शिकवायच्या. सँपलही त्यांनीच घरी बसून केलेलं. तंजावरच्या मराठी घरातल्या, बोलणं जुन्या वळणाचं. वेलीच्या देठाचा टाका तिरका असतो, एकाला एक लागून, दोरीच्या पिळासारखा. त्या उजव्या हाताने सावकाश दाखवायच्या. माझा दोरा सारखा सुईच्या वर सरकायचा.

"खाली धर, अग, दोरा खाली!"

खाली धरला. माझी वेल हुबेहूब बायकांच्या वेलीसारखी आली. सँपलसारखी नाहीच. जीव टांगणीला लागला होता.

बुधवारी सेंटर बंद होतं. घरात चैन पडेना, म्हणून न कळवता वेलचेरीला त्यांच्या घरी गेले. दार उघडं होतं. रुक्मिणीबाई खिडकीत बसून सपासप भरत होत्या. डाव्या हाताने.

मला पाहताच सुई उजव्या हातात गेली.

"बाई, तुम्ही डावखुऱ्या?"

"कोणास सांगू नको. लहानपणी डावा हात पुढें केला की पळी बसायची. चारचौघांत अस्कें उजव्यानेंच करतें." अस्कें म्हणजे सगळं.

मी पिशवीतून कुर्ते काढले. दोन्ही वेलींचे पीळ एकमेकांच्या उलट झुकलेले, आरशात पाहावं तसे. सँपल डाव्या हाताचं, माल उजव्या; म्हणून चमक वेगळी. मला नाचावंसं वाटलं. त्यांचा चेहरा मात्र पार उतरला होता.

"आतां बायकांना डाव्यानें शिकवू?"

मी उगाच टाके घालत बसले. घाईत दोरा पुन्हा सुईच्या वर गेला. या वेळी ओरडायच्या ऐवजी बाईंनी वेल उजेडात धरली. उजव्या हातानेही पीळ सँपलसारखा पडला होता.

गुरुवारी सेंटरमध्ये त्यांनी एवढंच सांगितलं, "दोरा वर धरा." कारण कुणी विचारलं नाही. पीस पास झाला.

पुढे बायरला टॅगसाठी भरतकाम करणाऱ्या हातांचा फोटो हवा झाला. सगळं सेंटर भोवती जमलेलं. रुक्मिणीबाईंनी सुई उजव्या हातात धरली. मग डाव्या हातात घेतली.

"मॅडम, राइट हँड," राघवन सर म्हणाले.

"सँपल ह्या हातानें केलें," बाई म्हणाल्या. माझे डोळे भरून आले.

आता नवं सँपल आलं की टाका कोणता, हे मी नंतर विचारते. आधी विचारते, कुठल्या हाताने केलंय?