मोडलेल्या सुईचं टोक

देवाचं वस्त्र शिवताना दोरा तोंडाला लावायचा नाही, हे सासूबाईंनी मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितलं. दोरा ओला केला की उष्टा झाला. मग ओवायचा कसा? तर टोक तिरकं कापायचं, चिमटीत धरून तिळाएवढं बाहेर ठेवायचं आणि दोरा सुईत न घालता सुईच दोऱ्यावर आणायची. मला महिनाभर जमलं नाही. मग जमलं.

दुसरा नियम सुई मोडली तर काय करायचं त्याचा. देवाच्या वस्त्रात सुई मोडली तर ती कचऱ्यात टाकायची नाही आणि कोणाला बोलून दाखवायचं नाही. बोललं की वस्त्राला दोष लागतो. तुकडे पदराच्या गाठीत बांधायचे आणि सकाळी अंघोळीला जाताना गंगेत सोडायचे. मी तीस वर्षं तेच केलं. शिंदे घाटाच्या कितव्या पायरीपाशी माझ्या किती सुया पडल्या आहेत ते गंगेलाच ठाऊक.

आमचं घर काशीत, घाटाच्या वरच्या गल्लीत. हे उपाध्येपण करतात. महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांची श्राद्धं, तीर्थविधी, कधी मणिकर्णिकेवर जावं लागतं. मी घरी बसून घाटावरच्या देवळांचे शेले, बाळकृष्णाची अंगडी, देवीची लुगडी शिवते. गिऱ्हाईक आलं तर मी दाराआडूनच बोलते. चौथीपर्यंत शिकले. मापांची वही मात्र माझ्या हाताने लिहिते, आणि हे तिच्याच मागच्या कोऱ्या पानांवर लिहीत आहे.

आम्हाला एकच मुलगी. तिचा हात माझ्याहून हलका. आयटीआयमधून शिवणकाम शिकली आणि दक्षिणेतल्या एका कारखान्यात तिची निवड झाली. तिथे उपग्रहांची पांघरुणं शिवतात. आधी मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काहीतरी चूक आहे. पण तसंच होतं. उपग्रह वर गेला की उन्हाची बाजू तव्यासारखी तापते आणि सावलीची बाजू इतकी गारठते की आतली यंत्रं बंद पडतील. म्हणून त्याला वीस वीस पदरांचं पांघरूण लागतं. बाहेरून सोनेरी, आतून चंदेरी, मधे मच्छरदाणीसारखी पातळ जाळी. मशीनने होतं तेवढं मशीनने, कोपरे आणि भोकांच्या कडा हाताने.

परीक्षेच्या दिवशी सगळ्या मुलींना सुई-दोरा दिला. बाकीच्यांनी सवयीने दोरा ओठात धरला. हिने धरला नाही. परीक्षा घेणाऱ्या मॅडमनी विचारलं, "हे कुठे शिकलीस?" त्या जागी थुंकीचा एक थेंब, डोक्याचा एक केससुद्धा चालत नाही. टोपी, हातमोजे, पांढरा डगला, सगळं अंगावर चढवून आत जायचं. ती घरी येऊन सांगायला लागली तर आमच्याकडेच राहणाऱ्या वन्सं म्हणाल्या, "म्हणजे सोवळंच की गं!" आणि मग लगेच, "पण शिवायलाच जायचं होतं तर काशीत काय देव कमी आहेत?"

सुट्टीत आली की ती मला रॉकेटचं सांगायची. मी काजं-बटणं करत ऐकायची. खालची इंजिनं दांडगी, आगीचा लोळ काढणारी. ती जमिनीवरून उचलतात आणि काम झालं की गळून पडतात. शेवटचं इंजिन वेगळं. त्यात वायू इतका गार करतात की तो पाण्यासारखा ओतता येतो. एका टाकीत एक वायू, दुसरीत दुसरा. ते इंजिन बाहेरच्या देशांनी आपल्याला शिकवलं नाही. आपली माणसं वर्षानुवर्षं चुकत चुकत शिकली.

मी विचारलं, "एवढं गार असून पेटतं कसं?"

"आई, हा प्रश्न आमच्यात कोणालाच पडला नाही," ती हसून म्हणाली.

आणखी एक गोष्ट तिने सांगितली होती. वर गेल्यावर वर-खाली असं काही उरत नाही. आत चुकून धातूचा कण राहिला तर तो पडून राहत नाही, तरंगतो. तरंगत जाऊन तारांच्या जोडावर बसला तर सगळा उपग्रह मेला. त्याला दुरुस्त करायला कोणी जाऊ शकत नाही.

पुढचं झालं ते गेल्या वर्षी, थंडी सरता सरता. पोस्टाने तिचं एक पार्सल आलं. कॉफीची पूड, सांबार मसाला, आणि त्यात कागदाची छोटी पुडी. पुडीवर लिहिलं होतं, "आई, गंगेत." उघडल्यावर सुईचे दोन तुकडे. मला सगळं कळलं आणि बरंही वाटलं. एवढ्या लांब जाऊन, यंत्रांच्या घरात बसूनसुद्धा पोरीने घरची रीत ठेवली. मी पुडी पदराला बांधली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांब्या घेऊन निघाले, दाराशी चपला घालत होते, तेवढ्यात फोन वाजला.

"आई, ती पुडी कुठे आहे?"

"पदरात. निघालेच आहे आता."

"टाकलीस?"

"अगं, निघाले म्हणते आहे ना."

"मग टाकू नकोस. काही झालं तरी टाकू नकोस." आणि ती रडायला लागली.

तांब्या तिथेच ठेवून मी आत आले. हळूहळू तिने सांगितलं. कोपरा शिवताना सुई मोडली, तेव्हा तिचा हात आपोआप चालला. दोन्ही तुकडे हातमोज्यात सरकवले, दुसरी सुई घेतली, काम पुढे चालू. आपण काही लपवतो आहोत असं तिच्या मनातही आलं नाही. संध्याकाळी कागदात बांधले आणि पार्सलमध्ये घातले. पांघरूण पुरं झालं की तिथे सुया मोजून घेतात. काल मोजल्या तर एक कमी. सगळ्या मुलींच्या पिशव्या, डबे तपासले. सुई सापडेना, म्हणजे ती पांघरुणातच असणार, असं ठरलं. आता सगळे पदर उसवायचे. सहा मुलींचं तीन आठवड्यांचं काम. तिकडे समुद्राकाठी रॉकेट तयार, त्या गार इंजिनाची चाचणीही झालेली, आणि उपग्रह पांघरुणासाठी अडलेला.

"तू सांगितलंस का, सुई तू नेलीस म्हणून?"

"नाही."

"का नाही?"

"कसं सांगू? काढून टाकतील मला." मग म्हणाली, "तूच शिकवलंस ना, बोलायचं नाही."

मी मशीनवर पांढरा कपडा पसरला आणि पुडी सोडली.

"आई, दोन्ही तुकडे जोडून बघ. सुई पूर्ण असेल तर उसवायची गरजच नाही. मी सांगेन, चुकून घरी आली, रागावतील आणि सोडून देतील. पूर्ण आहे ना?"

तुकडे जोडले. डोळ्यांना सुई पूर्ण दिसत होती. पण सुई डोळ्यांनी बघायची नसते. मी टोकाचा तुकडा अंगठ्याच्या नखावरून ओढला. चांगली सुई नखावर केसासारखी रेघ ओढते. ही घसरली. पुन्हा ओढली, पुन्हा घसरली. उजेडात धरली तर टोक तिरकं तुटलेलं. राईच्या दाण्याच्या अर्ध्याएवढं पोलाद नव्हतं. मी पुडीचा कागद झटकला, पदराची गाठ उलटी केली, कपड्यावर हात फिरवला. नव्हतं.

"आई?"

"टोक नाही."

"नीट बघ ना."

"बघितलं. नाही."

ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "दोन तुकडे दाखवले तर कोणाला कळणार आहे?"

खरं सांगते, माझ्याही मनात ते येऊन गेलं होतं. फोटोत सुई पूर्णच दिसली असती. पोरीची नोकरी राहिली असती. आणि कणाचं काय, तो दोऱ्यात अडकून जन्मभर तिथेच राहिला असता कदाचित.

"तूच म्हणाली होतीस, वर तरंगतं म्हणून," मी म्हटलं.

ती म्हणाली, "मग तू सांग मॅडमना. माझ्याने नाही होणार."

"मी?"

"तू शिकवलंस, तू सांग."

मी कधी परक्या माणसाशी फोनवर बोललेली नाही. बँकेचा फोन आला तरी ह्यांच्या हातात देते. हे घाटावर होते. अर्ध्या तासाने तिने व्हिडिओ लावला. मी डोक्यावरून पदर घेतला आणि मशीनकडे बघत बोलले. तिकडे पांढऱ्या टोपीतल्या मॅडम होत्या, आणि बाजूला माझी मुलगी, मान खाली घालून. मॅडमची हिंदी दक्षिणेची, माझी बनारसची. मी सांगितलं की सुई मुलीने घरी पाठवली, पण सवय माझी आहे. आमच्याकडे देवाच्या कपड्यात सुई मोडली तर बोलत नाहीत. तिने चोरी केली नाही. आणि सुईचं टोक आमच्याकडे आलेलं नाही.

मॅडम रागावल्या. मला नाही, तिला. "दहा दिवस तुला तोंड नव्हतं?" असं काहीतरी. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अम्मा, टोक नाही हे तुम्हाला कसं कळलं?"

मी तुकडा नखावर ओढून दाखवला.

त्यांनी तुकडा कॅमेऱ्याजवळ धरायला लावला, बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "ठीक आहे. म्हणजे सगळं उसवावं लागणार."

तेव्हा मी न विचारता बोलले. आयुष्यात असं क्वचितच केलं असेल. म्हटलं, "सगळं नका उसवू. टोक आधी जातं, सुई नंतर मोडते. टोक गेल्यावर बाईच्या हाताला सुई जड लागते, तरी ती चार-पाच टाके तशीच ओढते. मग ती मधे मोडते. नवी सुई घेतली त्या जागेपासून मागे या. जिथे भोकं मोठी व्हायला लागली, त्याच्या आधीचा टाका बघा."

मॅडमनी मुलीला विचारलं, नवी सुई कुठून सुरू केलीस. तिला जागा बरोबर आठवत होती. आपल्या हातचं शिवण कोण विसरतं? फोन बंद झाला.

हे जेवायला आले तोवर मी स्वयंपाकालाही लागले नव्हते. सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे तू बोललीस? फोनवर?" सुईचं त्यांना नंतर सुचलं.

चार वाजता मुलीचा फोन आला. टोक सहाव्या टाक्यात मिळालं, जाळीच्या दोन पदरांमध्ये. एकच कोपरा उसवावा लागला. नोकरी गेली नाही. पण शिवणावरून तिला काढलं. आता तिने रोज संध्याकाळी सगळ्यांच्या सुया मोजून घ्यायच्या आणि नखावर ओढून बघायच्या. मॅडमनी तसा नियमच केला. पुन्हा शिवायला कधी बसायचं ते त्या ठरवणार. हे सांगताना ती रडली नाही, पण मला माहीत आहे, हातात सुई नसली तर तिला झोप लागत नाही.

तुकडे परत मागवले होते. दुसऱ्या दिवशी हे पोस्टात निघाले तेव्हा वन्सं दारातच होत्या. "गंगा पायाशी आणि सुई चालली दक्षिणेला! ऐकलं नव्हतं बाई कधी."

रॉकेट उडायचं त्या दिवशी आम्ही तिघं मशीनला मोबाइल टेकवून बसलो. उलटे आकडे मोजता मोजता मधेच थांबले. वरच्या गार इंजिनाची एक झडप नीट मिटत नव्हती. अशी झडप जराशी गळली तरी इंजिन वर जाऊन पेटत नाही. वन्सं म्हणाल्या, "पांघरूण झालं, आता चूल पेटेना." मला त्यात हसू आलं नाही. मनात आलं, कोणीतरी बोललं म्हणून थांबवलं. झडप बघणाऱ्या माणसाने तोंड उघडलं असेल.

काही दिवसांनी ते गेलं. भर दुपारी. खाली मोठा पांढरा धूर, मग आगीची रेघ, मग नुसता पडद्यावरचा आलेख. खालची इंजिनं गळली. शेवटचं पेटायची वेळ आली तेव्हा रॉकेट सोडणाऱ्यांची खोली दिसली, सगळे आपापल्या पडद्याकडे बघत होते. मी माझा अंगठा दुसऱ्या हातात धरून ठेवला होता. मग टाळ्या वाजल्या. सोनेरी काही दिसलं नाही. मुलीला विचारलं तर म्हणाली, "ते झाकलेलं असतं आई, वर गेल्यावर उघडतं. तिथे बघायला कोण आहे?"

तिला पावसाळ्यानंतर पुन्हा शिवायला बसवलं.

परवा देवीच्या शेल्याला जरीचा काठ लावताना माझी सुई मोडली. हात सवयीने पदराकडे गेला. घरात हे एकटेच, आतल्या खोलीत पंचांग बघत होते.

"सुई मोडली हो," मी मोठ्याने म्हटलं.

आतून हे म्हणाले, "टोक सापडलं का?"

मी खाली वाकून शोधायला लागले.