सुट्टीत तपासलेली छाती

मी पेणला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. म्हणून संशोधकांविषयी मला फार आदर असणार, अशी लोकांची समजूत असते. होता, नाही असं नाही. पेपरात दर आठवड्याला कुठला तरी उंदीर मधुमेहातून बरा झालेला असायचा, कुणाच्या तरी आतड्यातल्या जीवाणूंमुळे झोप सुधारलेली असायची, आणि मी ते वर्गात भक्तिभावानं सांगायचे. आता कुणी विचारलं तर म्हणते, पुस्तक वाचा, मार्क त्यालाच आहेत.

माझं माहेर रोह्याजवळ. थोरला भाऊ धाटावला एका केमिकल कंपनीत कंत्राटी कामगार आहे. त्याचं खातं पावडरचं. सुकून आलेली पावडर गोणीत भरायची, गोणी शिवायची, थप्पी लावायची. मास्क मिळतो, पण आपल्याकडच्या उकाड्यात तो लावून गोणी उचलून दाखवावी कुणीतरी. सगळे रुमाल बांधतात. दोन-तीन वर्षं झाली, दादा शिफ्टवरून आला की गाडी लावून आधी ओट्यावर बसायचा. शर्टाची बटणं सोडायची, मान खाली घालायची आणि श्वास ओढत राहायचं. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी. तो हातानंच तिला थांब म्हणायचा, कारण बोलायला तोंड उघडलं की खोकला सुटायचा. कंपनीच्या डॉक्टरनं एकच विचारलं, तंबाखू खाता का? दादा हो म्हणाला. झाली तपासणी.

दादाला कुणाशी भांडायचं नव्हतं. नोकरीही टिकवायची होती. त्याला फक्त पावडरमधून बाहेर पडायचं होतं. गेटवर टाका, स्टोअरला टाका, कुठंही टाका. सुपरवायझरनं त्याला सांगितलं होतं, छातीचा रिपोर्ट आण, मग बदलीचं बघतो.

अशात मुंबईहून एक टीम येणार असल्याचं कळलं. कारखान्यात काम करणाऱ्यांच्या फुप्फुसांवर संशोधन. त्यांना गावात ओळख असलेलं कुणीतरी हवं होतं, हॉल बघायला, माणसं जमवायला आणि अर्थात चहा-नाश्त्याचं बघायला. कुणीतरी माझं नाव सुचवलं. मला वाटलं, देव पावला. दादाचा रिपोर्ट आपसूक होईल, तोही फुकटात आणि मोठ्या लोकांच्या सहीनं.

मग त्यांनी शिबिराची तारीख कळवली. गौरी-गणपतीच्या विसर्जनानंतरचा दुसरा दिवस.

मी टीमच्या मुख्य सरांना फोन केला. म्हटलं, सर, ही तारीख कशी काय? ते खूश होऊन म्हणाले, "मॅडम, कोकणात गणपतीला सगळे पुरुष घरी असतात. एका दिवसात शंभरेक सापडतील." आमच्याबद्दल त्यांना एवढी एकच गोष्ट ठाऊक होती, तिचाही असा उपयोग केला. मी समजावलं की सर, घरी असतात म्हणजेच आठवडाभर कंपनीत गेलेले नसतात. माझा भाऊ गणपतीत खोकत नाही. दरवर्षी मखर बांधतो, आरत्यांना सगळ्यात मोठा आवाज त्याचा, विसर्जनाला नाचतो. सुट्टी संपून कामावर गेला की चार दिवसांत पुन्हा ओट्यावर. तुम्ही पंधरा दिवसांनी या, शिफ्ट सुटल्यावर तपासा. सर अगदी गोड हसले. "शिफ्टनंतर थकलेली माणसं थांबत नाहीत हो. तुम्ही काळजी करू नका, ते आम्ही आकडेमोडीत बघून घेऊ."

अकरावीची मुलं प्रयोगात अशी गंमत करतात तेव्हा मी त्यांना वर्गाबाहेर काढते.

समाजमंदिरात शिबिर झालं. माणसं गणपतीचे नवे शर्ट घालून आली. टीममधल्या मुली मोदकांचे फोटो काढत होत्या, ओटीतल्या नारळाचे काढत होत्या, एकीनं मला विचारलंसुद्धा की तुमच्याकडे गौरीला खरंच मटण करतात का. दादाची पाळी आली. श्वास मोजायच्या मशीनची नळी तोंडात धरली, टीममधली मुलगी ओरडत राहिली, "अजून काका, अजून, अजून, छान." दादानं जीव तोडून फुंकलं. आरत्यांनी घसा बसला होता, छाती मात्र ठणठणीत. बाहेर येऊन मला म्हणाला, "मशीन हाललं गो माज्यानं." टाळ्या वाजवल्या लोकांनी.

रिपोर्ट आला. नॉर्मल.

मी फोनवर सांगितलं, दादा, हा कागद दाखवू नको, आपण नंतर दुसरीकडे करू. तो म्हणाला, आणतो म्हणून सांगितलेलं हाय, नाय कसं दाखवू? आमच्या घरात शब्द पाळण्याचं हे भलतंच खूळ आहे. सुपरवायझरनं रिपोर्ट वाचला, दादाच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, मजबूत आहेस की, बदली कशाला पाहिजे? दादा पावडरमध्येच राहिला.

काही महिन्यांनी मी सरांना पुन्हा फोन लावला. त्यांचा आवाज लग्नघरातल्यासारखा. संशोधनाचा पेपर छापायला स्वीकारला गेला होता. कामगारांच्या फुप्फुसांत विशेष बिघाड आढळला नाही, असा निष्कर्ष. आभारात माझंही नाव घातलंय म्हणाले. मी विचारलं, तपासणीच्या आधी आठवडाभर माणसं घरी होती, हे लिहिलंत का? "लिहिलंय ना," सर म्हणाले, "शेवटी अभ्यासाच्या मर्यादा म्हणून भाग असतो, त्यात एक वाक्य टाकलंय." माणूस खोटं बोलला असता तर मी त्याला निदान चोर म्हटलं असतं. याला सगळं माहीत होतं, आणि एक वाक्य टाकून तो हात धुऊन मोकळा झाला होता. डोंबलाचं संशोधन. मी फोन ठेवला.

मग मी पेणच्या मेडिकलमधून फुंकायची साधी नळी आणली. घरी बसून श्वासाचा जोर मोजता येतो तिच्यावर. कामाचा दिवस बघून माहेरी गेले आणि दादा यायच्या वेळेला ओट्यावर जाऊन बसले. वहिनी भाजी निवडता निवडता हळू आवाजात म्हणाली, "आता ओट्यावर खोकत नायत ते. मागं गोठ्याकडं जातात." मी विचारलं, का? म्हणाली, "रिपोर्टात काय नाय, मग खोकतो तो कामचोर, असं बोलतात लोक. ह्यांना पन तसंच वाटतं."

दादा आला. गाडी लावली. मला बघून हसायला गेला आणि सरळ गोठ्याकडे वळला. मी पाठोपाठ गेले. भिंतीला हात टेकून उभा होता, मानेच्या शिरा ताठलेल्या. खोकला थांबेपर्यंत मी वाट पाहिली आणि नळी पुढे केली. म्हटलं, दादा, आत्ता फुंक. आत्ताच. उद्या आपण हे घेऊन छातीच्या डॉक्टरकडे जाऊ.

त्यानं नळी बाजूला सारली.

"एवढे मोठे लोक," तो थांबला, "मुंबईवरना आले, मशीन घेऊन आले." पुन्हा थांबला. "त्यांना नाय कळलं, आन तुला कळलं व्हय?"

मी म्हटलं, दादा, माझं ऐक.

"माज्या छातीला काय झालेलं नाय," दादा म्हणाला. "मनाचं हाय सगळं." एवढं बोलून तो गोठ्याच्या पायरीवर खाली बसला, आणि बराच वेळ त्याला उठता आलं नाही.