टाळ्या बंद करा

दाजी मोहिते बंद पंख्यालाही टेस्टर लावून बघत. मग टेस्टरचाच भरवसा नाही म्हणून तो चालू बटणाला लावून, पुन्हा पंख्याला लावत. लाइनमन म्हणून निवृत्त झालेले दाजी हिंदी मुलखातल्या खातेगांवजवळच्या आमच्या गावात चेष्टेचा विषय होते. ते एवढंच म्हणत, "बिजली कुणाची सगी नसते, भिया."

गावानं मिळून टेकडीवर छोटी पवनचक्की उभारली, तेव्हा समितीत विजेतलं कळणारे दाजी एकटेच. मी शाळामास्तर, म्हणून सचिव. चक्की सरकारी लाइनला जोडायची तर 'तपासणी आमच्यासमोर झाली' अशी दाजींची सही लागत होती. दाजी सही करीनात.

"लाइन बंद झाली की हिनं आपणहून लाइनपासून तुटायला पाहिजे. नाहीतर ही बंद लाइनमध्ये वीज सोडत बसेल. ते मला दाखवा."

"अंकल, कारखान्यातून टेस्ट होऊनच आलंय," चक्की बसवणाऱ्या ठेकेदाराचा इंजिनिअर म्हणाला.

"तिथं झालं असेल. माझ्या डोळ्यांसमोर कुठं झालं?"

तीन आठवडे असेच गेले. दाजींना कुणीतरी फोडलंय, अशी कुजबुज सुरू झाली. मी ती हसण्यावारी नेली. पण एकदा खातेगांवच्या बसस्टँडवर दाजी चहा पिताना दिसले, तेही आम्ही नाकारलेल्या दुसऱ्या ठेकेदाराच्या माणसाबरोबर. मला पाहताच त्यांनी हातातला कागद घाईनं खिशात कोंबला. घरी येऊन मी त्यांना समितीतून काढण्याचा अर्ज लिहिला.

तो देण्याआधीच इंजिनिअर वैतागून म्हणाला, "चला, दाखवतोच."

त्या दिवशी वारा छान होता. चक्की चाचणीपुरती लाइनला जोडली. गावाबाहेरच्या खांबापाशी कैलास लाइनमननं सरकारी वीज तोडली. तरी गावातली पिठाची गिरणी घरघरतच राहिली, दिवेही तसेच. लोकांना वाटलं, काय कमाल आहे! टाळ्या पडल्या. लाइन बंदच आहे तर वरची ढिली तार कसून घेऊ, म्हणून कैलास शिडी चढू लागला.

"टाळ्या बंद करा!" दाजी धावत सुटले. "कैलास, नीचे उतर! लाइन जिंदा है!"

कैलास उतरला. टेकडीवर जाऊन चक्कीची पेटी उघडली, तर लाइन गेल्याची खूण देऊन चक्की बंद पाडणारी तार जोडलेलीच नव्हती. ती जोडून पुन्हा चाचणी घेतली. या वेळी गिरणी तत्काळ थांबली. दाजींनी सही केली.

टेकडी उतरताना मी त्या कागदाचं विचारलं.

"ही चाचणी कशी घ्यायची ते त्या माणसाकडून लिहून घेतलं. आपल्या ठेकेदारानं सोयीची सांगितली असती. अन् तुम्ही त्याच्याच बाजूचे वाटत होतात, मास्तर." मग थांबून म्हणाले, "नेमावर गावच्या लाइनवर माझ्या जोडीदाराला मीच म्हणालो होतो, 'चढ, बंद आहे.' मी स्वतः बंद केली होती. कुणाच्या तरी जनरेटरची वीज उलटी आली."

मला राहवलं नाही. अर्ज काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला.

"माझ्यावर शक केलात, ठीक केलंत," ते म्हणाले. "आता त्या मशीनवर पण तेवढाच करत जा."

गेल्या हिवाळ्यात दाजी गेले. त्यांना मूलबाळ नव्हतं. अग्नी कैलासनं दिला.